ठाणाच्या तोंडाशी चार अक्षरं

१७ ऑक्टोबर १७९३

ल्यों शहर आता नाही. हे मी म्हणत नाही, पॅरिस म्हणतंय, आणि तसं छापून चौकातल्या भिंतीवर चिकटवलंय. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझे डोळे पुरते गेले. तसे ते अर्धे गेलेलेच आहेत. जन्मभर रेशमाच्या धाग्यांकडे बघून दुसरं काय होणार? म्हणून शेजारच्या पाववाल्याला म्हटलं, "जरा मोठ्याने वाच रे." त्याने वाचलं. तेच होतं.

श्रीमंतांची घरं पाडणार. पाडोत बापडे, माझं कुठे घर आहे? पण शहराचं नाव देशातल्या शहरांमधून खोडायचं, आणि जे काय उरेल त्याला म्हणायचं मुक्तनगरी. एक खांबसुद्धा उभारणार म्हणे, आणि त्यावर कोरणार की ल्यों स्वातंत्र्याशी लढलं, ल्यों आता नाही.

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. पॅरिसच्या फौजेच्या वेढ्यात तोफांचे गोळे पडले, खिडक्या गेल्या, मागाखालचा आरसा फुटला, लोकांनी मांजरं शिजवून खाल्ली. तेव्हा मी रडले नाही. पण नाव काढून घ्यायचं? फाशी देतात त्या माणसालासुद्धा त्याचं नाव ठेवू देतात.

घरी येऊन फिलिबेर्तला सांगितलं. ती माझ्या मागाच्या दोऱ्या ओढते, माझा नवरा जिवंत होता तेव्हापासून. ब्युजेच्या डोंगरातली आहे, चाळिशी गाठलेली, खांदे हमालासारखे आणि बोलणं अगदी मोजकं. तिने ओढलेल्या दोऱ्यांप्रमाणे ताण्याचे उभे धागे उचलले जातात, मी त्यांतून आडव्या धाग्याचा धोटा टाकते आणि नक्षी उमटते. ती ओढणार नाही तर मी नुसतं साधं फडकं विणीन.

ती म्हणाली, "मग ठाणाच्या तोंडाशी काय विणायचं, मालकीणबाई?"

खरंच की! आमच्या मागावर नवं ठाण, कापडाचा अख्खा तागा, चढलं की पहिल्या बोटभर पट्टीत शहराचं नाव विणायचं, ही सासऱ्यांच्या सासऱ्यांपासूनची रीत. कापडाच्याच रंगात विणतो, त्यामुळे एरवी दिसत नाही. तिरका उजेड पडला तरच चमकतं. जाणकार गिऱ्हाईक नेमकं तिथेच बघतं. L, Y, O, N, चारच अक्षरं, पण त्या चार अक्षरांवर आम्ही जेवत आलो.

"त्या दोऱ्या सोडून टाक," मी म्हटलं. "गळ्यात फास नको यायला."

१९ ऑक्टोबर

शनिवार, म्हणून इरेने सूप प्यायला आला. हा माझा धाकटा भाऊ. लॅटिनचा मास्तर, शाळा बंद पडल्यापासून नुसताच मास्तर. लहानपणी फुर्व्हिएरच्या टेकडीवर रोमन खापऱ्या वेचायचा, आणि मोठेपणी 'ल्यों' या नावाचा उगम शोधायला बसला तो अजून बसलेलाच आहे. लग्न नाही, कार्य नाही. पुस्तक लिहितोय. ते संपेल तेव्हा मी नसेन.

मला वाटलं होतं रडत येईल. तर हा पठ्ठ्या कान लाल करून आला, डोळ्यांत नुसती चमक.

"पेर्नेत, त्यांनी नक्की कुठलं नाव खोडलं ते तरी सांगायला हवं होतं!"

"सूप घे."

"नाही, ऐक ना. एका ग्रीकाने लिहून ठेवलंय, दोघे जण शहराचा पाया खणत होते, तेवढ्यात कावळ्यांचा थवा आला आणि सगळी झाडं भरून गेली. तिकडच्या भाषेत लुगोस म्हणजे कावळा म्हणे, आणि शहराचं जुनं रोमन नाव 'लुग'नेच सुरू होतं, म्हणून ही कावळ्यांची टेकडी. दुसरे म्हणतात, छे, लुग नावाचा जुना देव होता, त्याचा हा गड. तिसरा एक साधू, तो म्हणतो उजेडाची टेकडी. चौथे म्हणतात, ज्या रोमन सरदाराने शहर वसवलं त्याचंच नाव लूसियस, संपलं. आणि एका जुनाट शब्दांच्या टिपणात तर भलतंच आहे. हवीहवीशी टेकडी!"

"आणि सिंह?" मी विचारलं. शहराच्या शिक्क्यावर सिंह आहे, आणि सिंहालाही आमच्या भाषेत ल्योंच म्हणतात, ते मलाही ठाऊक आहे.

"सिंह? सिंह हा खुळ्यांसाठी!" तो असा ओरडला की वाटीतलं सांडलं. "सिंह फार नंतर येऊन बसला. कुणाला काही सुचेना म्हणून."

तेवढ्यात मागाच्या बाजूने, दोऱ्यांच्या जंजाळातून फिलिबेर्तचा आवाज आला. "कुणाला हवी?"

"काय?"

"टेकडी. हवीहवीशी म्हणता, तर कुणाला हवी?"

इरेनेने चमचा खाली ठेवला. उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. म्हणाला, "इतके पंडित झाले, पण हे कुणी विचारलंच नाही!" मी म्हटलं, पुरे झाला तुमचा बाजार, सूप गार होतंय. हा तिला गेली कित्येक वर्षं रविवारी वाचायला शिकवतोय. धडा म्हणून काय, तर ठाणाच्या तोंडावरची चार अक्षरं. तेवढीच तिला येतात. पाचव्या अक्षरावर दोघं कधी गेलेच नाहीत, असले गुरू आणि असली शिष्या.

२७ ऑक्टोबर

घाईने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

काल बेलकूरच्या चौकात घरं पाडायची सुरुवात झाली. पॅरिसहून आलेल्या अधिकाऱ्याने चांदीची हातोडी घेऊन सुंदर सुंदर दगडी भिंतींवर टिचकी मारायची आणि म्हणायचं, कायद्याच्या नावाने तुला पाडण्यात येत आहे. घराला! जणू घर ऐकतंय. मागे मजूर कुदळी घेऊन उभेच होते. बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या.

आणि आज आमच्या पेठेच्या समितीच्या अध्यक्षाने, त्या ग्रिवेलने, चौकात भाषण केलं. हा पूर्वी टोप्या करायचा. म्हणाला, ल्यों म्हणजे सिंह, सिंह म्हणजे जनावरांचा राजा, म्हणजे हे नावच मुळात राजाचं, देशद्रोही! लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि त्या टाळ्या थांबताच एक माणूस मोठ्याने हसला. कोण असणार दुसरा?

"अरे टोपीवाल्या," इरेने म्हणाला, "सिंहाचा आणि या नावाचा संबंध असता तर मी आज सुखात असतो! वीस वर्षं वाया गेली नसती माझी!"

मी गर्दीत चार हातांवर उभी होते. त्याची बाही ओढायला हात पुढे केला, तोवर दोघांनी त्याला धरलं होतं. त्याला वाटलं, पुढे येऊन समजावून सांगायला बोलावतायत. अक्षरशः तसं वाटलं त्याला! जाता जाता मला म्हणाला, "पेर्नेत, घरी जाऊन माझी टिपणं घेऊन येतेस का?"

३ नोव्हेंबर

जुन्या मठात कोंडलंय त्याला. खाली पेंढा, वर ओल. भेटायला सोडतात, पण समितीच्या माणसाला काहीतरी चारावं लागतं. मी समतेचा पाव नेला. हल्ली सगळ्यांना एकच काळा पाव, श्रीमंतालाही आणि मलाही. फिलिबेर्तने भाजलेले चेस्टनट दिले, तिच्या फडक्यात बांधून, वर तीन गाठी मारून. मी म्हटलं, अगं तो उघडणार कसा? ती म्हणाली, उघडतील.

माझा भाऊ मजेत आहे. मला धक्काच बसला. तिथे कोंडलेल्यांना तो नावाचे अर्थ शिकवतोय! प्रत्येकाने आपापला अर्थ उचललाय. एक केसांचे टोप करणारा आहे, त्याला कावळे आवडले. एका म्हाताऱ्या वकिलाने लुग देव घेतला, कारण त्याला देव हवा होता आणि ख्रिस्ताचं नाव घ्यायची भीती वाटत होती. रोज सकाळी नावं पुकारतात, काहीजण जातात, परत येत नाहीत. त्यांचे अर्थ उरलेल्यांनी वाटून घ्यायचे, असं ठरलंय म्हणे.

"आणि तू कुठला घेतलास?" मी विचारलं.

"मी अजून ठरवतोय," तो म्हणाला, आणि गाठी सोडत बसला.

८ नोव्हेंबर

ग्रिवेल आज माझ्या कारखान्यात आला. कारखाना कसला, दोन माग आणि एक चूल. येऊन थेट माझ्या बाकावर बसला. आता सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं, असा हुकूम आहे. माझा सासरा त्याला उंबऱ्यात उभा करायचा.

"कशी आहेस, नागरिक पेर्नेत?"

"तू कसा आहेस, नागरिक ग्रिवेल?" म्हटलं. जीभ अडखळली नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. मागे फिलिबेर्त मात्र दोऱ्या तपासत उभी. ती मला अजून तुम्हीच म्हणते, आणि ग्रिवेलला काहीच म्हणत नाही.

त्याने जे सांगितलं ते असं. समितीचं सभागृह देवळात हलवलंय, आमच्याच पेठेतल्या. तिथे लाल रेशमाचा मोठा पडदा हवा, वर सोनेरी अक्षरांत 'मुक्तनगरी'. तो मी विणायचा, मोबदला न मागता. आणि पडदा उलगडायच्या दिवशी इरेनेने उभं राहून लोकांना नावाचा अर्थ सांगायचा. सिंह नको. त्या सिंहावरून सगळी पेठ ग्रिवेलला हसली, ते त्याला लागलंय.

"कावळे चालतील," ग्रिवेल म्हणाला. "मढ्यावर बसणारे. जन्मतःच अपशकुनी नाव होतं, मेलं ते बरं झालं, असं मास्तरच्या तोंडून आलं पाहिजे. मी म्हटलं तर हसतात. त्याने म्हटलं तर पटेल."

"आणि मग?"

"मग तुझा भाऊ तुझ्याकडे सूप प्यायला येईल."

त्याच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. एवढंच? चार वाक्यं? कावळे तर कावळे! तो गेल्यावर मी फिलिबेर्तला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली. म्हणाली, "त्यांना हे बोलावं लागणार? सगळ्यांसमोर? एकट्याने?"

"मग काय तू जाणारेस त्याच्याबरोबर?" मी म्हटलं आणि ताणा मोजायला घेतला.

१४ नोव्हेंबर

पडदा सुरू केला. रेशीम समितीने दिलं, कुणाच्या गोदामातून उचललं कोण जाणे. गेल्या कित्येक महिन्यांत असं रेशीम हाताला लागलं नव्हतं. बोटांनाच आनंद झाला. अशा दिवसांत आनंद होतो याची लाजही वाटली.

आमचं कापड पालथं विणलं जातं. चांगली बाजू खाली, माझ्या डोळ्यांसमोर मागची. खाली आरसा असला की त्यात बघत जायचं. आरसा वेढ्यात फुटला, नवा कुठून आणू? विणून होईल तसं रुळावर गुंडाळत जायचं, उलगडेल तेव्हाच दिसेल. पण हात कधी चुकले नाहीत माझे.

सुरुवातीलाच, पहिल्या बोटभर पट्टीत, जिथे आता काहीच नक्षी नाही, तिथे फिलिबेर्त दोऱ्या ओढत होती. मी विचारलं, काय गं? म्हणाली, वेढ्यापासून दोऱ्या ओल धरून बसल्यात, मोकळ्या करतेय. तिचं खरं. मीही धोटा टाकत राहिले. तिने पुष्कळ वेळ मोकळ्या केल्या.

"नावाच्या दोऱ्या सोडल्यास ना?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना," ती म्हणाली.

४ डिसेंबर

आज ब्रोतोच्या मैदानात माणसांना ओळीने बांधून तोफा डागल्या. बंदुका नव्हेत, तोफा. नदीपलीकडे, तरी आमचा माग हादरला. मला वाटलं परत वेढा पडला. पाववाल्याची बायको येऊन सांगून गेली. मी तिला म्हटलं, असं कुणी करत नाही, तू काहीतरी ऐकलंस. ती नदीकडे बोट दाखवून निघून गेली.

काम केलं नाही. फिलिबेर्त दिवसभर दोऱ्यांना टेकून बसली होती.

९ डिसेंबर

इरेने नाही म्हणाला! ज्या माणसाला कागदावरची चार वाक्यं वाचून जीव परत मिळतोय तो म्हणतो, नाही.

"कावळे खोटे नाहीत, पेर्नेत, पण ते शुभ होते. देवाने पाठवलेले. मढ्यावरचे नव्हते. वीस वर्षं मी..."

"आग लागो तुझ्या वीस वर्षांना!" मी ओरडले. पहारेकरी वळून बघायला लागला. "टोप करणारा कुठे आहे? म्हातारा वकील कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली. तोफांच्या त्या बुधवारी गेले दोघं. मग मी रडले. मी रडत नाही, त्याला ठाऊक आहे, आईच्या मातीलाही रडले नव्हते. मी म्हटलं, मला तुझं पुस्तक नको, शहराचं नाव नको, त्याला काहीही म्हणा, डुकरांची टेकडी म्हणा. मला शनिवारी समोर बसून सूप सांडणारा माणूस हवा आहे.

शेवटी तो म्हणाला, "बरं. वाचतो."

निघताना विचारलं, "फिलिबेर्त काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? दोऱ्या ओढतेय."

मी जिंकले. इथे लिहूनच ठेवते, कारण रस्ताभर मला तसं वाटलं नाही. त्याचा चेहरा, बरं म्हणताना, आमच्या बाबांसारखा म्हातारा दिसला. पण जिवंत राहिला की चेहरा परत भरतो. सूप आहे, चेस्टनट आहेत.

१५ डिसेंबर

लिहावंच लागेल, नाहीतर उद्या मला वाटेल की मी हे स्वप्नात पाहिलं.

सकाळचं स्वच्छ ऊन पडलं होतं, कडाक्याची थंडी. देवळात माणूस मावत नव्हता. न येणाऱ्याला संशयित धरतात. मी आणि फिलिबेर्तने पडद्याचा रूळ खांद्यावर नेला. वरचं टोक दांडीला बांधून वर ओढलं, आणि फिलिबेर्त खाली गुडघ्यांवर बसून हातातला रूळ फिरवत राहिली. लाल रेशीम उलगडत आलं. 'मुक्तनगरी' ही अक्षरं वर गेली आणि लोक 'आ' करून बघत राहिले. खरं सांगते, माझ्या हातून इतकं देखणं कापड झालं नव्हतं. मी क्षणभर सगळं विसरले.

पडद्याच्या खालच्या टोकाशी इरेने उभा होता. दाढी वाढलेली, कोट पेंढ्याने भरलेला. त्याने कागद काढला. आवाज ठीक होता.

"नागरिकहो, या शहराचं जुनं नाव कावळ्यांवरून पडलं. मढ्यांवर..."

तेवढ्यात रूळ संपला. शेवटची पट्टी, म्हणजे आम्ही पहिली विणलेली, सुटून लोंबली. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आडवं येत होतं, ते नेमकं तिच्यावर पडलं.

आणि लाल कापडावर लाल चार अक्षरं पेटली. ल्यों.

मला वाटलं फक्त मलाच दिसतंय. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात छातीला लावला, आणि मला कळलं की सगळ्यांना दिसतंय.

इरेने थांबला होता. त्याने अक्षरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही, खाली, गुडघ्यांवर बसलेल्या फिलिबेर्तकडे पाहिलं, आणि हसला. माझा भाऊ त्या क्षणी का हसला, मला सांगता येत नाही. भीतीने हसतात काही माणसं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, जसा शाळेत तास संपल्यावर ठेवायचा.

"माफ करा," तो म्हणाला, "मी चुकीचं सांगत होतो. कावळे आले ते पाहुणे म्हणून आले. काही म्हणतात हा देवाचा गड. काही म्हणतात उजेडाची टेकडी, आणि आज इथे बघून मला त्यांचं पटायला लागलंय. आणखी एक अर्थ आहे, हवीहवीशी टेकडी. मला एकदा कुणीतरी विचारलं होतं, कुणाला हवी? तेव्हा उत्तर आलं नव्हतं. आता आलंय. मला."

मग ग्रिवेलची खुर्ची सरकली.

"हे कुणी विणलं?"

मी तोंड उघडलं, शपथ घेऊन सांगते उघडलं होतं, पण उशीर झाला. आणि इरेने बोलला, वर्गात बोलतो तसा. "मी सांगितलं होतं. माझ्या बहिणीला धड दिसत नाही आणि तिचा आरसा फुटलाय. दोऱ्या ओढणारीला वाचता येत नाही."

फिलिबेर्त उठायला लागली. त्याने तिच्याकडे न बघता नुसता हात केला, खाली बस असा. ती बसली. त्याला घेऊन गेले. ग्रिवेलने स्वतः सुरीने ती पट्टी कापली आणि मेणबत्तीवर धरली. रेशीम जळतं तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. तो अजून माझ्या नाकातून जात नाही.

१७ डिसेंबर

सकाळी ब्रोतोला नेलं. मी गेले नाही. फिलिबेर्त गेली. परत आली तेव्हा घागरा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. मी विचारलं, पाहिलंस? तिने मान हलवली. विचारलं, काही म्हणाला? पुन्हा मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

मागाला समितीने सील ठोकलं आहे.

मी रात्रंदिवस एकच विचार करते. नावाच्या दोऱ्यांची एखादी गाठ सोडायची राहून गेली असणार. आणि हातांना सवय; ठाण चढलं की तिचे हात त्याच दोऱ्यांवर जाणार आणि माझा धोटा तसाच जाणार. इतकी वर्षं एकच गोष्ट केल्यावर हात कुणाचं ऐकतात? मी तिला एका शब्दाने बोलले नाही. चूक दोघींच्या हातांची. तो मात्र दोघींसाठी मेला, आणि मूर्खासारखा हसत मेला. चार वाक्यं होती, इरेने. चारच वाक्यं!

१२ ऑक्टोबर १७९४

इतके महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. पॅरिसमध्ये ज्यांनी मुंडकी उडवली त्यांची मुंडकी उडाली, ग्रिवेल एका पहाटे पळाला, सील निघालं. मी साध्या फिती विणून पोट भरते.

आज पाववाला धावत आला. "पेर्नेतबाई, नाव परत दिलं! पॅरिसने परत दिलं!" चौकात त्याच भिंतीवर नवं पत्रक होतं. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, नाव मोठ्याने घेत होते, जणू हरवलेलं पोर सापडलंय. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. मला फक्त धक्का बसला, की इतकं सोपं होतं. एक कागद लावायचा, एक काढायचा. मधली माणसं तेवढी परत यायची नाहीत.

घरी आले. एक गुलाबी ठाण चढवायचं होतं. फिलिबेर्तला म्हटलं, "नावाच्या दोऱ्या परत बांध."

ती ताण्यामागून बाहेर आली. हात घागऱ्याला पुसले.

"बांधायच्या कशाला? त्या मी सोडल्याच नव्हत्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "त्या दिवशी तू दोऱ्या मोकळ्या करत होतीस..."

"नाही. नाव ओढत होते."

माझा हात उठला. तिने मान वळवली नाही, मारून घ्यायला तशीच उभी राहिली. गेलं वर्षभर ती अशीच उभी होती, आणि मी बघितलं नव्हतं.

"का?" मी ओरडले. "तो घरी येणार होता, फिलिबेर्त! तो वाचणार होता!"

"ते वाचतील की नाही मला तेव्हा ठाऊक नव्हतं." ती एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलत होती. "तुम्ही म्हणालात, मी जाणार आहे का त्यांच्याबरोबर. मला तर तिथे जाता येणार नव्हतं. एवढ्या लोकांत एकटे उभे राहणार, निदान ओळखीचं काहीतरी समोर असावं. लालवर लाल, कुणाला दिसलं असतं? फक्त त्यांना ठाऊक होतं कुठे बघायचं. आम्ही तिथेच शिकलो होतो ना." तिने दोऱ्यांकडे पाहिलं. "ऊन तिथे येईल हे मला ठाऊक नव्हतं, पेर्नेत. मी त्या देवळात सकाळी कधी गेलेच नव्हते. सकाळी मी इथे असायची."

जन्मात पहिल्यांदा ती मला नुसतं पेर्नेत म्हणाली.

मी बाकावर बसले. बाहेर कुणीतरी घंटा बडवत होतं, पोरं नाव ओरडत पळत होती. मी विचारलं, "त्याला कळलं होतं? की तू?"

"बघितलं ना त्यांनी माझ्याकडे."

बघितलं होतं. मी स्वतः लिहून ठेवलंय, की का हसला ते मला सांगता येत नाही.

मला तिला घराबाहेर काढायचं होतं. मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. दोन्ही जमलं नाही. शेवटी मी मागावर बसले, पावडीवर पाय ठेवला. ती आपल्या जागी गेली, दोऱ्यांच्या मागे, जिथून ती मला दिसत नाही. बोटभर पट्टी. चार अक्षरं.

हाताने धोटा धरला होता, पण किती तरी वेळ तो टाकता आला नाही. मग मी म्हटलं, "ओढ."